स्कोअर आपोआप हलावा की आपण रिफ्रेश मारावा?

मॅच चालू असताना मी बरीच वर्षं रिफ्रेशवालाच होतो, ऑफिसात टेबलाखाली मोबाईल आणि शेवटच्या ओव्हरला दर दहा सेकंदाला अंगठा खाली ओढायचा, निम्म्या वेळा काही बदललेलंच नसायचं, तरी बिचारा ब्राउझर दरवेळी सर्व्हरकडे हेडर्ससकट (म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत जाणारी तांत्रिक माहिती) अख्खी विचारपूस करून येणार. आपोआप अपडेटवाल्यात बरेचदा वेबसॉकेट नावाचं तंत्र असतं (२०११ मध्ये स्टँडर्ड झालं), कनेक्शन एकदा उघडलं की उघडंच, नवीन काही झालं की सर्व्हरच हाक मारतो आणि त्या निरोपावर वरखर्च, म्हणजे मजकुराशिवायचा जादा डेटा, जेमतेम २ ते १० बाइट. डेटा, बॅटरी, दोन्हीला बरं.

पण कॉमेंट्री वाचताना वरून नवीन ओळ पडली की वाचत होतो ते सटकन खाली, एकदा तर अंगठा थेट जाहिरातीवर! त्यापेक्षा वर "३ नवीन अपडेट" अशी पट्टी यावी, टॅप केलं की उघडावं, मला तरी हेच पटतं.

आणि लोकल बोगद्यात शिरली की आपोआपवालं कधीकधी गपचूप थांबतं, आपण जुनाच स्कोअर खरा मानून बसतो. रिफ्रेश मारला की निदान एरर तरी दिसते.