बल्बचा पिवळा काढायचा, हळदीचा ठेवायचा: ग्रे कार्डचा रिव्ह्यू

ठाणे स्टेशनजवळच्या कॅमेऱ्याच्या दुकानातून साधं १८ टक्केवालं ग्रे कार्ड घेतलं (फोटोतले रंग जुळवायला वापरतात ते राखाडी कार्ड, पडलेल्या उजेडापैकी १८ टक्के परत फेकणारं), आणि हॉलमध्ये फोटो काढणाऱ्या प्रत्येकाकडे हे असायलाच हवं असं माझं ठाम मत झालंय.

नौपाड्यात चुलतबहिणीची हळद होती, हॉलमध्ये सगळे पिवळे बल्ब, म्हणजे साधारण २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास असतो, त्यामुळे सगळंच केशरी दिसत होतं. ऑटो व्हाईट बॅलन्सवर (उजेडाचा रंग कॅमेरा स्वतःच ओळखून काढतो ते सेटिंग) टाकलं तर फ्रेममध्ये हळदच इतकी की कॅमेरा तिलाही लाईटचाच रंग समजून कापतो, मग हळद फिकट आणि नवरीचे गाल निळसर, अगदी आजारी असल्यासारखे. म्हणून कार्ड तिच्या चेहऱ्याजवळ त्याच उजेडात धरून एक फोटो काढला, घरी लाईटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या राखाडीवर ड्रॉपर मारला (जिथे क्लिक करू तो रंग न्यूट्रल धरणारं टूल), टेंपरेचर (निळा-पिवळा) आणि टिंट (हिरवा-गुलाबी) दोन्ही जागेवर आले, आणि तेच सेटिंग त्या लाईटमधल्या बाकीच्या फोटोंना पेस्ट केलं. हळद हळदीसारखी पिवळी, आणि काकूच्या नथीतले मोती चक्क पांढरे! इतकं छान वाटलं बघून.

कार्ड कशाला, पांढऱ्या शर्टावर ड्रॉपर मारला की झालं, असं बरेच जण सांगतात, पण आपल्याकडे कपड्यांना नीळ असते, तो पांढरा मुळातच निळसर, म्हणजे फोटो परत पिवळाच होणार. आणि फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढा प्लीज, बल्बच्या उजेडात निळा रंग मुळात कमी असतो, जेपेगमध्ये तो ओढून आणला की नुसता नॉईज येतो.

ट्यूबची हिरवट झाक पण यानेच जाते. पण एका बाजूला खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला बल्ब असेल तर एका क्लिकमध्ये दोन्ही सुधारत नाहीत, तिथे मास्क करून, म्हणजे फोटोचा तेवढाच भाग निवडून, वेगवेगळं करावं लागतं. डीजेच्या जांभळ्या एलईडीखाली तर कार्डाचा उपयोगच नाही, ते फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाईट करा.

घेताना मॅट आहे का बघा, चकचकीत कार्डावर बल्बची चमक येते आणि रीडिंग चुकतं. शक्यतो प्लास्टिकचं घ्या, हळदीची बोटं लागली तरी लगेच पुसता येतात, पुठ्ठ्याचं एकदा पिवळं झालं की कामातून गेलं.