तिकिटावर रविवार छापला होता आणि शो शनिवारी होता

पंचवीस हजार तीनशे साठ रुपये गेले. आधी आकडा सांगतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मुंबईतल्या गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या शोच्या दोन तिकिटांचे १७,०००, नाव बदलण्याची फी २,३६० आणि ‘परत मिळणारी अनामत’ ६,०००. बेळगाव-मुंबई स्लीपर बसचे दोघांचे जाऊन-येऊन ५,६०० आणि दादरच्या लॉजचे २,८०० वेगळे. सगळे मिळून ३३,७६०. त्यातले निम्मे निपाणीच्या माझ्या मित्राचे आहेत. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते.

तिकिटांच्या नावाखाली कसं लुटतात ते मलाही ठाऊक होतं. तुमच्याइतकंच पेपरात वाचलेलं होतं. ‘एवढं कसं कळलं नाही’ असं म्हणणाऱ्यांनी कृपा करून पुढचं वाचावं, कारण मला मुंबई बघायची हौस नव्हती. मी तीस वर्षं थांबलो होतो.

गन्स अँड रोझेसचा १९८७ चा पहिला अल्बम आम्ही कॉलेजात असताना कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतला होता. मित्राच्या टेपमध्ये ती कॅसेट एकदा अडकली आणि एका गाण्यात, नेमकी स्लॅशची गिटार वर चढते तिथं, आवाज कायमचा लडखडला. आजही तेच गाणं मोबाईलवर ऐकताना त्या जागी मला तो लडखडलेला सूर ऐकू येतो. डिसेंबर २०१२ मध्ये बँड बंगळूरला आला तेव्हा बेळगावहून रात्रीची गाडी पकडून जाणं काही अवघड नव्हतं. पण तेव्हा बँडमध्ये स्लॅश नव्हता. तो १९९६ मध्येच बाहेर पडला होता. आम्ही दोघांनी ठरवलं, स्लॅश नसेल तर जायचं नाही. २०१६ मध्ये तो आणि गायक अ‍ॅक्सल रोझ परत एकत्र आले आणि १७ मे २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर शो ठरला. अ‍ॅक्सल तेव्हा ६३ वर्षांचा, स्लॅश ५९. ही वेळ चुकली तर परत येईल असं कोण सांगणार?

मग तिकिटं वेळेवर का काढली नाहीत? तो मे महिना आठवा. ७ तारखेपासून भारत-पाकिस्तान सीमेवर काय चाललं होतं, ९ तारखेला आयपीएल थांबवली. शो होईल की नाही याचाच भरवसा नव्हता. मी थांबलो. शस्त्रसंधी झाली आणि दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, फॅन लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला: घरचे पाठवायला घाबरतात, स्टेजजवळची दोन तिकिटं मूळ किमतीत द्यायची आहेत. त्या आठवड्यात हे कारण कुणालाही पटलं असतं.

मी फोन केला. चांगलं मराठी बोलणारा माणूस, वय तीस-पस्तीस असेल. ‘‘बेळगाव? म्हणजे सीमाभागातले आपलेच की! तुमच्याकडून जास्त कसे घेणार, दादा?’’ आमच्या भागातल्या माणसाला ‘आपले’ हा शब्द किती लागतो ते बाहेरच्याला कळणार नाही. इथं दुकानाच्या पाटीपासून सातबारापर्यंत भाषेसाठी भांडत आम्ही मोठे झालो. मुंबईचा माणूस आपलं म्हणतो म्हटल्यावर मी सैल झालो. पुढे तो म्हणाला, ‘‘मी पण २०१२ ला गेलो नाही हो, स्लॅश नव्हता ना.’’ आता कळतं, हे दोन्ही मी स्वतः त्याच ग्रुपवर चार दिवस आधी लिहिलं होतं. माझंच बोलणं त्याने मला ऐकवलं. ग्रुपवर स्वतःबद्दल काय लिहिता ते जपून लिहा. या लोकांना वाचायला भरपूर वेळ असतो.

रात्री १०.४० ला १७,००० पाठवले. यूपीआयच्या स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, बायकोचं खातं आहे. ज्याच्याशी बोलतोय त्याचं नाव आणि स्क्रीनवरचं नाव जुळत नसेल तर पिन टाकू नका. बायको असो, बहीण असो.

आता ती गोष्ट सांगतो, जी रात्री झोपू देत नाही.

१२ तारखेला, बुद्धपौर्णिमेला, दुपारी पीडीएफ आली. माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर सुटे भाग घडवायचं, छोटं युनिट आहे. तिथंच मशीनजवळ उभं राहून मी ती उघडली. समोर भिंतीवर कॅलेंडर. त्यात १७ तारखेला मी लाल पेनाने गोल केलेला, शनिवार. आणि तिकिटावर छापलेलं: १७ मे, रविवार. मी वर बघितलं, परत खाली बघितलं. घडवलेला जॉब वीस मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाने, जास्त निघाला तरी मी तो बाजूला काढतो, पोरांना ओरडतो, मशीन थांबवतो. इथं अख्खा वार चुकलेला दिसत होता. मी त्याला विचारलंही. उत्तर आलं, ‘‘दादा, छापणाऱ्याची चूक आहे, सगळ्यांच्याच तिकिटावर तसं आलंय. गेटवर वार कोण वाचतं, क्यूआर स्कॅन करतात.’’ मी अंगठा पाठवला आणि मोबाईल खिशात टाकला.

तिथंच थांबलो असतो तर पुढचे ८,३६० वाचले असते. त्याहून मोठं म्हणजे पैसे जाऊन तेव्हा चौदा-पंधरा तास झाले होते. तेव्हाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर त्या खात्यात काही तरी अडवता आलं असतं. तो अंगठा आठवला की अजून अंगाचा संताप होतो.

मग नाव बदलण्याची फी, दोन तिकिटांची जीएसटीसह २,३६०. संध्याकाळी अनामत ६,०००, ‘‘चोवीस तासांत परत’’. लिहून ठेवा: एका व्यवहारात तिसऱ्यांदा पैसे मागितले की समोरचा विकत नसतो, लुटत असतो. १३ तारखेला नवीन पीडीएफ आली, त्यावर आमची दोघांची नावं. वार तोच, रविवार. पण स्वतःचं नाव छापलेलं बघितलं आणि माझी शंकाच मिटली. निपाणीला फोन करून म्हटलं, ‘‘झालं रे, नावं आली.’’ अनामत परत आली नाही तेव्हा तो विकणारा म्हणाला, शो झाल्यावर येते. तेही ऐकून घेतलं.

शनिवारी गेटवर स्कॅनर घेऊन एक मुलगी होती. लाल. परत केलं, परत लाल. ‘‘सर, ही बुकिंग आमच्याकडे नाहीच आहे. जरा बाजूला उभे राहता का?’’ मागे माणसं खोळंबली होती, बरेच जण आमच्याच वयाचे. त्या विकणाऱ्याला फोन लावला, दोनदा वाजला, मग बंद. चॅट उघडलं तर त्याचे बरेचसे मेसेज पुसलेले. पैसे पाठवण्याआधीच सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, वहीत लिहा, मोबाईलच्या भरवशावर राहू नका.

रस्त्यावर उभं राहूनच १९३० ला तक्रार केली, नंबर मिळाला. भिंतीपलीकडून आवाज येत होता. ते गाणं लागलं आणि गिटार वर चढली तेव्हा मित्र म्हणाला, ‘‘इथं टेप अडकायची बघ.’’ त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता पोलिसांचं. तिथल्या बंदोबस्तातल्या हवालदारांनी सांगितलं, पैसे बेळगावातून गेलेत ना, मग तिकडं तक्रार करा. बेळगावच्या ठाण्यात सांगितलं, घटना मुंबईत घडली, तिकडं जावा. मी म्हटलं, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर घ्या. त्यावर साहेबांनी विचारलं, वकील आहात काय? दुसऱ्या फेरीला मराठीत लिहिलेला अर्ज परत केला, कन्नडमध्ये नाही तर इंग्रजीत आणा म्हणाले. मला कन्नड बोलता येतं, कामगारांशी रोज बोलतो, लिहिता येत नाही. कोर्टाबाहेर १५० रुपये देऊन टाईप करून घेतला. तिसऱ्या फेरीला साहेब नव्हते. चौथ्या फेरीला एक जण सगळ्यांच्या समोर म्हणाला, ‘‘इथं लोकांचे वीस-वीस लाख जातात आणि तुम्ही या वयात नाचगाण्याच्या तिकिटासाठी येता होय?’’

होय, येतो. घामाचे पैसे आहेत. कशावर खर्च करायचे ते मी ठरवीन, चोर शोधायचं काम तुमचं आहे. खातं कुठल्या राज्यातलं, कुणाच्या नावावर, हे तुम्ही बँकेला एका पत्राने विचारू शकता. मला बँक सांगत नाही. माझ्या बँकेने तर ‘पिन तुम्हीच टाकला’ एवढ्यावर फाईल मिटवली. मुंबईत गेलो तर कर्नाटकवाला, इथं आलो तर मुंबईचं प्रकरण. सीमाभागातल्या माणसाने तक्रार नेमकी कुठं करायची? अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. मी पहिल्या तीन फेऱ्यांत ते केलं नाही, त्यामुळे त्या झाल्याचा पुरावाच नाही.

एक राहिलं. दुसऱ्याचं तिकीट घ्यायचंच असेल तर त्याला व्हिडिओ कॉलवर त्याच्या स्वतःच्या खात्यात जाऊन बुकिंग उघडून दाखवायला सांगा. पीडीएफ कुणीही बनवतो. आणि घरात एकाला तरी दाखवा. माझ्या मुलीने परवा ते तिकीट बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली, ‘‘पप्पा, हा वार चुकलाय.’’

काल दुसऱ्या एका ग्रुपवर त्याच शब्दांत मेसेज आला, दुसऱ्या शोसाठी, वेगळ्या नंबरावरून: घरचे पाठवायला घाबरतात, मूळ किमतीत. खाली सोलापूरच्या एकाने विचारलं होतं, त्याला उत्तर होतं, ‘‘सोलापूर? म्हणजे आपलेच की!’’ मी त्या माणसाला वेगळा मेसेज करून माझ्या तिकिटाचा फोटो पाठवला. त्याने अजून काही भरलं नव्हतं. सोमवारी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन पाचव्यांदा ठाण्यात जाणार आहे. निपाणीहून मित्रही येतोय.