शेलकॅल ५०० : सीलिअकच्या रुग्णाला कितपत पुरते?

हाडं दुखतात, बोटांना मुंग्या येतात अशी तक्रार केली की आपल्याकडे बहुतेकदा हाती पडते ती टॉरेंटची शेलकॅल ५००. एका गोळीत शिंपल्यांपासून बनवलेलं कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि डी-३ जीवनसत्त्वाचे २५० युनिट. कॅल्शियमसाठी गोळी चांगली आहे. डी-३ साठी मात्र तिच्यावर विसंबू नये. निरोगी माणसालाच रोज ६०० युनिट लागतात, आणि सीलिअकमध्ये, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजारात, चरबी नीट शोषली जात नसेल तर तिच्यासोबत ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही शौचावाटे निघून जातात. त्यामुळे डॉक्टर सहसा ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल वेगळी देतात. ती आठवड्यातून एकदा, तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्यायची. ‘रोज’ असा समज करून घेतलात तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं: उलट्या, सारखी लघवी, भ्रम.

कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून गोळी जेवणासोबतच घ्यावी. अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी औषधं चालू असतील तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटची गोळी मागून घ्या. जेवणासोबत घेण्याचा आणखी एक फायदा फारसा सांगितला जात नाही. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, मग अन्नातलं ऑक्झलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि मूतखडे होतात. ताटातच कॅल्शियम असलं की ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जातं.

दोन गोळ्या लिहून दिल्या असतील तर एकदम घेऊ नका. ५०० मिलिग्रॅमच्या वर एका वेळी शोषण घटतं. सीलिअकसोबत थायरॉइडचा आजार बऱ्याचदा असतो, लोहाची गोळीही असते. कॅल्शियम दोन्हींच्या आड येतं. थायरॉक्सिन सकाळी उठल्या उठल्या, कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात, लोह संध्याकाळी पाचच्या सुमारास, चहाशिवाय: अशी वाटणी जमते. बद्धकोष्ठ हा या गोळीचा खरा त्रास आहे, पाणी वाढवावं.

आता लक्षणांबद्दल, कारण चूक इथेच होते. तोंडाभोवती आणि बोटांच्या टोकांना येऊन-जाऊन मुंग्या, पंजा आखडून बोटं एकत्र जुळणं, ही कॅल्शियम कमी असल्याची खूण. घसा आवळला किंवा झटके आले तर गोळीची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. पण मुंग्या तळपायांपासून वर सरकत असतील, अंधारात तोल जात असेल, तर शेलकॅलने काही होणार नाही. तिथे बी-१२ आणि तांबं तपासायला हवं. केस गळतात म्हणून महिनोन्‌महिने झिंक जास्त मात्रेत घेणाऱ्यांमध्ये तांबं आणखी घसरतं.

गोळ्या नेमाने घेऊनही पंजा आखडतो? मग मॅग्नेशियम बघा. ते फार कमी असेल तर पॅराथायरॉइडचं संप्रेरक नीट सुटत नाही आणि कॅल्शियम वर चढत नाही. रिपोर्ट वाचताना अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही पाहावं. ते कमी असलं की एकूण कॅल्शियम उगाच कमी दिसतं, अशा वेळी आयोनाइज्ड, म्हणजे रक्तातल्या मोकळ्या कॅल्शियमची तपासणी मागावी. डी-३ ची पातळी साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासावी.

एवढं करूनही आकडे हलत नसतील तर संशय गोळीवर नव्हे, स्वयंपाकघरावर घ्यायचा. बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं, थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू पडतो, सोया सॉसमध्येही गहू असतो. टीटीजी-आयजीए ही सीलिअकची रक्ततपासणी अजून चढीच असेल तर आतड्याची सूज उतरलेली नाही आणि कितीही गोळ्या गिळल्या तरी शोषण तोकडंच राहणार.

राहिला गोळीतल्या स्टार्चचा प्रश्न. औषधांच्या पट्टीवर बहुधा मुख्य घटकच छापतात, बाकीचं ‘एक्सिपियंट्स’ एका शब्दात उरकतात. ते स्टार्च मक्याचं की गव्हाचं, हे पट्टीवरच्या पत्त्यावर कंपनीला बॅच नंबरसकट लेखी विचारा. दुकानदाराच्या ‘चालतं हो’वर जाऊ नका.