पेमेंटचं काम एआय एजंटकडे देऊन आठ महिने झाले, माझा अनुभव

भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे, अकाउंट्स मी बघते. व्हेंडरचे मेल वाचणं, बिल पीओशी (आम्ही दिलेल्या खरेदी ऑर्डरशी) जुळवणं, पेमेंट तयार करणं हे आठ महिन्यांपासून एजंट करतोय, मी अप्रूव्ह केल्याशिवाय पुढे काही जात नाही. सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाहीये.

फायदा खरंच झालाय. बिलं जुळवायला आठवड्याचे दोन दिवस जायचे ते अर्ध्या दिवसावर आलं, आणि जीएसटीआर-१ ची (जीएसटीच्या विक्रीच्या रिटर्नची) ११ तारीख जवळ आली की रात्री जागायला लागायचं ते बंद झालं.

पण सुरुवातीला तो प्रत्येक गोष्टीला विचारायचा, फाइल उघडू का, पीडीएफचं नाव बदलू का, ड्राफ्ट सेव्ह करू का, दिवसाला साठ-सत्तर वेळा. पहिला आठवडा मी एकेक वाचलं, तिसऱ्या आठवड्यात अंगठा आपोआप ओकेवर जायला लागला.

आणि तेव्हाच एका जुन्या व्हेंडरच्या नावाने मेल आला, आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नवीन खात्यावर करा. एजंटने तो मेल म्हणजे हुकूमच समजला, व्हेंडर मास्टरमधे, म्हणजे व्हेंडरच्या माहितीच्या यादीत, खातं बदलून १,८४,००० चं पेमेंट लावून माझ्याकडे पाठवलं. स्क्रीनवर व्हेंडरचं नाव, बिल नंबर, रक्कम, सगळं बरोबर, खातं बदललंय हे मात्र 'डिटेल्स' उघडल्याशिवाय दिसतच नव्हतं. त्या दिवशी काम कमी होतं म्हणून उघडलं, नाहीतर उघडलं नसतं. आयएफएससीची पहिली चार अक्षरं बँकेची असतात, ती अक्षरंच वेगळी होती, आणि हे व्हेंडर आम्ही ओळखतो तेव्हापासून एकाच सहकारी बँकेत आहेत. मेलमधल्या नंबरवर नाही, माझ्याकडच्या जुन्या नंबरवर फोन लावला. "ताई, आम्ही कुठं खातं बदललंय?" माझे हातपाय गार पडले.

लग्नाआधी मी बँकेत होते. तिथे मेकर-चेकर असायचं, एंट्री करणाऱ्याने स्वतः पास करायची नाही. आमचे ऑफिसर पास करताना व्हाउचरवर पेनाचं टोक फिरवायचे, आधी खाते नंबर, मग रक्कम, मग तारीख, कितीही गर्दी असली तरी. मी चेकरच्या खुर्चीत बसले होते पण माझ्यासमोर व्हाउचरच नव्हतं हो!

एजंटला नुसतं सांगून ठेवणं पण पुरत नाही. जुलै २०२५ मधे रेप्लिट या सॉफ्टवेअर बनवायच्या प्लॅटफॉर्मच्या एजंटने तिथे काम करणाऱ्या जेसन लेमकिन या उद्योजकांचा चालू डेटाबेस उडवला, काही बदल करू नकोस असं स्पष्ट सांगितलेलं असताना. त्यानंतर कंपनीने डेव्हलपमेंटचा आणि चालू डेटाबेस वेगळा करायचं काम हातात घेतलं. मला तेच पटतं, जिथे हात पोचायला नको तिथे पोचूच द्यायचा नाही.

म्हणून आता वाचणं, जुळवणं, ड्राफ्ट करणं यासाठी तो विचारत नाही. पैसे, नवीन व्हेंडर, खातेबदल, काहीही डिलीट करणं आणि बाहेर जाणारा मेल, एवढ्यालाच थांबतो, दिवसाला सहा-सात वेळा, आणि तेवढं मी नीट वाचते. बँकेचं लॉगिन त्याला दिलेलंच नाही, तो फक्त अपलोडची फाइल बनवतो, ओटीपी माझ्या फोनवर. खातं बदलायचं असेल तर आधी जुन्या नंबरवर फोन, मग भाऊजींची पण संमती, आणि त्या दिवशी त्या व्हेंडरला पेमेंट नाही, कितीही घाई असो.

अजून खटकतं ते म्हणजे अप्रूव्हचं बटण मोठं हिरवं आणि डिटेल्स बारीक करड्या अक्षरात. रिजेक्ट केलं तर कारण लिहायला जागा नाही, लॉगमधे कोणी पास केलं ते नुसतं 'युजर' असं येतं, मी की भाऊजी कळत नाही. जुना आणि नवा खाते नंबर शेजारी शेजारी दाखवा म्हणून सपोर्टला तीनदा लिहिलंय, अजून झालेलं नाही. तोवर सगळ्या व्हेंडरच्या खात्यांचे शेवटचे चार आकडे एका डायरीत लिहून ठेवलेत, ती उघडून बघते आणि मगच बटण दाबते.