विंडोज नव्याने टाकूनही फाइली खराब होतात? मेमटेस्ट८६+ वापरून बघा

फॉरमॅट मारून विंडोज टाकलं, चार दिवसांत झिप फाइली पुन्हा उघडेनाशा. ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड दर वेळी नव्या फाइली दुरुस्त करत असेल, तर दोष विंडोजचा नाही. आधी रॅमवर संशय घ्या. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला की डिस्कवर चुकीचाच डेटा लिहिला जातो, आणि डिस्क बिचारी तो इमानेइतबारे जपते.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ फुकट आहे, मुक्तस्रोत आहे आणि पेन ड्राइव्हवरून थेट चालतं. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशीनवरही चालतं. सुरूच झालं नाही तर बायोस सेटिंगमधलं सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच प्रोग्राम सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. रात्रभर, किमान ४ पास (तपासणीच्या पूर्ण फेऱ्या) होऊ द्या. लाल ओळ एक जरी आली तरी नापास, ‘एवढं चालतं’ असलं काही नसतं. मग बायोसमधलं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करून पुन्हा चालवा. तरीही एरर आली तर एकेक स्टिक त्याच स्लॉटमध्ये लावून तपासा. दोषी सापडली की बदला आणि विंडोज परत टाका. आधीच्या इन्स्टॉलवर भरवसा नको.

उणीव एकच, पण मोठी: हे डिस्क तपासत नाही. रॅम पास झाली तर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. सी५ (नीट वाचता न येणारे सेक्टर) शून्याच्या वर असेल तर बॅकअप घ्या, सी७ (डेटा पाठवताना झालेल्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला.