सायबर सुरक्षेची दूरस्थ पदव्युत्तर पदवी : १४ महिन्यांनंतर

नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम सुरू केला त्याला १४ महिने झाले. पाच विषय झालेत, सहावा चालू आहे. प्रवेश घेताना मी लेक्चरचे नमुने पाहिले, प्राध्यापकांची माहिती वाचली. लॅब मात्र बघितली नाही, आणि सगळ्यात आधी तीच बघायला हवी होती.

ते कळलं बफर ओव्हरफ्लोच्या असाइनमेंटला. लेक्चर ऐकताना सगळं समजलं होतं. फंक्शनने इनपुटची लांबी तपासली नाही की जास्तीचे बाइट बफरबाहेर, म्हणजे इनपुटसाठी राखून ठेवलेल्या मेमरीबाहेर, सांडतात आणि स्टॅकवरचा (फंक्शन चालू असताना वापरायच्या मेमरीतला) परतीचा पत्ता, म्हणजे फंक्शन संपल्यावर प्रोग्रॅमने कुठे जायचं ते, बदलून टाकतात. व्हर्च्युअल मशीनवर (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकावर) स्वतः करायला बसले तर सहा रात्री गेल्या. डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम पायरीपायरीने तपासायच्या टूलमध्ये, एकेक बाइट मोजला, तरी दर वेळी पत्ता वेगळाच. एएसएलआर हे संरक्षण चालूच राहिलं होतं! ते प्रोग्रॅमच्या मेमरीतले पत्ते दर वेळी हलवतं, हे वाचून माहीत होतं. त्या रात्री त्याची ताकद कळली. १९८८ मध्ये मॉरिस वर्म या इंटरनेटवर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने फिंगर या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेत शिरताना अशीच चूक वापरली होती. २०१४ च्या हार्टब्लीड या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीमध्येही लांबीच तपासलेली नव्हती, फक्त तिथे लिहिण्याऐवजी वाचलं जात होतं, एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी. असे धागे जुळायला लागतात तेव्हा पदवीचा अभ्यास आणि नुसती टूल शिकणं यातला फरक जाणवतो.

क्रिप्टोग्राफीला (माहिती सांकेतिक करण्याच्या विषयाला) गणित लागतं. मॉड्युलर अंकगणिताची, म्हणजे भागाकारातल्या बाकीच्या गणिताची, उजळणी आधी करून ठेवा, विषय सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही.

धोरणाचा विषय मात्र निराश करून गेला. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची सायबर सुरक्षा चौकट फेब्रुवारी २०२४ मध्ये २.० झाली, त्यात ‘गव्हर्न’ हे सहावं कार्य आलं. आमच्या नोट्समध्ये अजून पाचच. कळवलं, तरी बदल नाही. हे क्षेत्र इतक्या वेगाने बदलतं, तिथे जुन्या नोट्स देणं मला अजिबात पटत नाही.

गटप्रकल्पात चौघं चार टाइम झोनमध्ये होतो. हल्ल्याच्या लॉगचा (संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदींचा) तपास एकाने झोपण्याआधी लिहून ठेवायचा, दुसऱ्याने उठून पुढे न्यायचा. सुरुवातीला चिडचिड झाली, पण दुसऱ्याला कळेल अशी नोंद लिहायला मी तिथेच शिकले आणि ते आज कामावर रोज उपयोगी पडतं. आठवड्याला १५ तास तरी जातात, लॅब असेल तर जास्त. लॅपटॉपला १६ जीबी रॅम हवीच, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन एकदम चालवावी लागतात.

प्रवेश घेणार असाल तर विचारा : लॅब कुठे चालते, अडलं तर उत्तर किती तासांत येतं, नोट्स शेवटच्या कधी बदलल्या? पुढचा माझा विषय डिजिटल फॉरेन्सिक्स. त्याची लॅब या वेळी आधीच मागून पाहिली, डिस्क इमेजमधून, म्हणजे डिस्कच्या हुबेहूब प्रतीतून, पुसलेल्या फाइल शोधायच्या आहेत.