एट की ट्यूब? सुळक्यावरून उतरून दोर खाली ओढून घेणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत डिसेंडर (दोरावरून उतरताना वेग आवरणारं साधन) म्हटलं की आजही हात एटकडेच, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या दोन कड्यांच्या साधनाकडेच, जातो. संस्थांच्या पेटीत तोच असतो, नवख्यांना शिकवलंही त्यावरच जातं. ट्यूब, म्हणजे दोन खाचांची जी छोटी चीज आपण सरसकट एटीसी म्हणून ओळखतो ती (ते खरं तर एकाच कंपनीच्या मॉडेलचं नाव), बिलेपुरती (चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यापुरती) बाहेर निघते आणि रॅपलिंगच्या (दोरावरून उतरण्याच्या) वेळी सॅकमध्ये पडून राहते. स्वतःच्या पैशांनी एकच साधन घ्यायचं असेल तर कुठलं, एवढाच इथे प्रश्न आहे. वजन, किंमत, ताकद हे आकडे पाकिटावर छापलेले असतात, ते सोडून देऊ. नीट वापरली तर दोन्ही साधनं माणसाला धरतात.

आधी एटची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. समजा, चाळीसेक किलोची मुलं एका कड्यावरून उतरवायची आहेत. दोर एकेरी आणि वर फिक्स, तोही ११ मिमीचा, दोन पावसाळे खाऊन कडक झालेला. खाली माणूस उभा आहे. इथे एटला तोड नाही. त्याच दोरावर ट्यूब अडते. खाली लोंबणाऱ्या दोराचं वजनच ब्रेक होऊन बसतं: १०.५ मिमीचा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर मीटरला साधारण ७० ग्रॅम भरतो, म्हणजे ६० मीटर लोंबत असेल तर चार किलोंचं ओझं ब्रेकच्या बाजूला आधीपासूनच टांगलेलं असतं. हलका माणूस पहिले दहा-पंधरा मीटर उतरतच नाही, दोर उचलून ट्यूबमध्ये भरवत बसतो. ड्यूक्स नोजसारख्या लांब उतरणीवर तेवढ्यातच हात भरून येतात. शिवाय एटमध्ये धातू जास्त, त्यामुळे तो तापतोही जरा सावकाश.

धबधब्यातही माझं मत एटलाच, त्यातही मोठ्या कडीला बाहेर कान असलेल्या. पाण्याच्या माऱ्यात दोर चटकन सुटणं महत्त्वाचं असतं. (तिथे ऑटोब्लॉक, म्हणजे हात सुटला तर दोरावर आवळणारा बारीक दोरीचा वेढा, लावू नये. तो आवळला की माणूस धारेखाली अडकतो. खालून फायरमन बिले द्यावा, म्हणजे खालच्याने दोर ताणून ब्रेक लावावा. उतरण कुंडात संपत असेल तर दोराच्या टोकाला गाठ मारू नये. दोर पाण्याला जेमतेम टेकेल एवढाच सोडावा.)

इथवर वाचून एट घ्यावासा वाटला असेल तर त्यात काही चूक नाही. पण लिंगाणा, वानरलिंगी, तैलबैला अशा ठिकाणी टप्प्याटप्प्याने उतरायचं असतं आणि प्रत्येक टप्प्यावर दोर खाली ओढून घ्यायचा असतो, म्हणून तो वरून दोन पदरी सोडलेला असतो. तिथे एटची एक खोड नडते. निदान माझ्यापुरता निकाल त्या एका खोडीनेच लावला.

ती खोड म्हणजे पीळ.

एटमध्ये दोर मोठ्या कडीतून वर येतो, मानेला वळसा घालतो आणि बाजूने खाली जातो. हे वळण एका पातळीत नसतं, त्यामुळे दोर स्वतःभोवतीच फिरतो. तो पीळ एटमधून आरपार जाऊ शकत नाही, उतरणाऱ्याच्या पुढे पुढे खाली ढकलला जातो. टोक मोकळं लोंबत असेल तर गरगर फिरून निघून जातो. टोकं एकत्र बांधलेली असतील किंवा दोर खालच्या कपारीवर ढीग होऊन पडला असेल, तर त्याला वाटच राहत नाही. दोन पदरांवर चार-पाच जण उतरले की ते पदर वेणी घातल्यासारखे एकमेकांभोवती वळलेले दिसतात. कातळ सोडून अधांतरी लोंबकळावं लागलं, तर हाच पीळ उतरणाऱ्यालाही भिंगरीसारखा फिरवतो, आणि तो फिरला की वरचे पदरही वळतात.

उतरताना याचं काही वाटत नाही. त्रास सुरू होतो तो दोर ओढताना. वळलेल्या पदरांचा प्रत्येक वेढा घर्षण वाढवतो. काही वेढ्यांनंतर दोन्ही पदर एकमेकांना प्रुसिकसारखे (दोरावर आवळणाऱ्या गाठीसारखे) धरून ठेवतात. मीटर-दीड मीटर दोर येतो आणि थांबतो. दोघं-तिघं मिळून लोंबकळले तरी हलत नाही. आपला बेसॉल्ट पायऱ्या-पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीवर घसारा आणि सुटे धोंडे. झटके देऊन दोर मोकळा करायला गेलं की ते धोंडे ओढणाऱ्याच्याच डोक्यावर येतात. मग कुणीतरी अडकलेल्या दोरावर जुमारिंग करत (दोर पकडणाऱ्या साधनांनी चढत) परत वर जातो. तो दोर वर कशाला अडकलाय हे त्याला दिसत नसतं. सुळक्यावरून उतरताना याहून वाईट जागा मला तरी सुचत नाही.

ट्यूबमध्ये प्रत्येक पदराला स्वतंत्र खाच असते. दोर एकाच पातळीत वळतो, म्हणून गुंडाळी नीट केलेली असेल तर नवा पीळ जवळजवळ पडत नाही. आधीचा पीळ असेल तर उतरणाऱ्याच्या हातालाच तो लागतो, कारण दोन खाचांमधला भाग फणीसारखा पदर वेगळे करत येतो. मधेच थांबून गुंता सोडवावा लागतो हे खरं. पण तो वर अँकरजवळ (दोर जिथे अडकवलाय तिथे) राहण्यापेक्षा आपल्या हाताखाली आलेला बरा.

एटवाले यावर उपाय सांगतात आणि तो चालतोही: शेवटच्या माणसाने डिसेंडरच्या वर एका पदरात क्विकड्रॉ (दोन्ही टोकांना कड्या असलेली छोटी पट्टी) अडकवायचा, त्याचं दुसरं टोक हार्नेसच्या (कंबरपट्ट्याच्या) पुढच्या बिले लूपमध्ये, म्हणजे उतरता उतरता पदर फाकत येतात. दुसरं म्हणजे दोराच्या दोन्ही टोकांना एकत्र गाठ न मारता प्रत्येक टोकाला वेगळी बॅरल नॉट (टोक डिसेंडरमधून निसटू न देणारी गाठ), शेपूट निदान ३० सेंमी. पीळ मग टोकावाटे निघतो. मात्र ही काळजी थकलेल्या शेवटच्या माणसाने, बहुधा अंधार पडायच्या सुमारास, लक्षात ठेवून घ्यायची असते. ट्यूबला ती सांगावी लागत नाही.

एटची दुसरी खोड कड्याच्या काठावर दिसते. आपल्याकडे माथ्यावरचा बोल्ट पुष्कळदा पायाशी असतो, त्यामुळे काठावर बसून, घसटत खाली सरकावं लागतं. त्या क्षणी दोर सैल पडतो, एट कातळाला टेकतो आणि मानेवरचा वळसा ढकलला जाऊन मोठ्या कडीवरून वर सरकतो. वजन आलं की तिथेच लार्क्स फूट, म्हणजे फासगाठ, आवळते. सुटायचं तर वजन काढावं लागतं: डिसेंडरच्या वर प्रुसिक, त्यात १२० सेंमीची स्लिंग (शिवलेल्या पट्टीचा फेरा) पायासाठी, तिच्यावर उभं राहून वळसा पुन्हा मानेवर. प्रुसिकची दोरी जवळ नसेल तर वरच्यांची वाट बघत लटकायचं. कान असलेल्या एटमध्ये हे होत नाही, पण तो बोजड पडतो.

दोर घालताना एट कॅराबिनरमधून (उघडझाप होणाऱ्या कडीतून) काढावा लागतो आणि निसटला की गेला. आधी मोठी कडी कॅराबिनरमध्ये ठेवून दोराचा फेरा मानेवर घ्यायचा, मगच छोटी कडी अडकवायची, ही युक्ती बहुतेकांना माहीत असते. दमलेल्या संध्याकाळी ती आठवतेच असं नाही. ट्यूबची वायर कॅराबिनरमध्ये राहते, तिथे हा प्रश्न येत नाही.

ट्यूब निर्दोष आहे असं मात्र कुणी समजू नये. तिची सर्वांत घातक चूक म्हणजे दोन पदरांपैकी एकाचाच फेरा कॅराबिनरमध्ये येणं. वरून पाहिलं तर दोन्ही खाचा भरलेल्या दिसतात. त्यावर भार दिला तर दोर दुसऱ्या बाजूने सरसर निघून जातो आणि माणूस त्याच्याबरोबर. एटमध्ये दोन्ही पदर एकत्रच जातात, त्यामुळे ही चूक तिथे सहसा होत नाही. म्हणून ट्यूब वापरणाऱ्याने कॅराबिनरमध्ये दोन फेरे आहेत हे बोट लावून मोजावं, नुसतं बघू नये. आणि दात असलेली बाजू ब्रेकच्या हाताकडे. उलटी बसली तर पकड कमी होते. बारीक, ओल्या दोरावर तर ते लगेच जाणवतं.

जुळणी मी अशी सुचवेन. १२० सेंमीची नायलॉन स्लिंग हार्नेसच्या टाय-इन पॉइंट्समधून लार्क्स फूटने घ्यावी आणि हार्नेसपासून ३०-४० सेंमीवर तिला ओव्हरहँड गाठ मारावी. या गाठीच्या आतल्या भागात लॉकिंग कॅराबिनरने ट्यूब. स्लिंगच्या उरलेल्या टोकाला दुसरा लॉकिंग कॅराबिनर, तो सेल्फ अँकर (स्वतःला अँकरला अडकवून ठेवण्यासाठी). ट्यूबखाली बिले लूपमधून ६ मिमी दोरीचा ऑटोब्लॉक, दोन्ही पदरांभोवती मिळून तीन-चार वेढे. दोर ओला असेल तर एखादा जास्त. ऑटोब्लॉक ताणला तरी ट्यूबपर्यंत पोचता कामा नये. पोचला तर ट्यूबला टेकून तो मोकळाच राहतो, आवळत नाही आणि ब्रेकचा हात सुटला की काही उपयोगाचा नाही. लूप फार लांब ठेवणं हीच यातली नेहमीची चूक. सेल्फ अँकर काढण्याआधी ट्यूबवर पूर्ण भार द्यायचा, हात सोडून ऑटोब्लॉक आवळतो का पाहायचं, मगच अँकर काढायचा.

एटही असाच स्लिंगवर वर घेता येतो आणि बरंच काही सुधारतं. पीळ मात्र तसाच राहतो.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी सॅडल (बसता येईल असा हार्नेस) घालून झाडावर बसणारे लोक वीसेक फुटांवरून ८ मिमीच्या एकेरी दोरावर एटने उतरतात. दोर खोडाला फासाने बांधलेला असतो, खाली आल्यावर तो बारीक दोरीने ओढून मोकळा करायचा. तिथे दुसरा पदरच नसल्याने पीळ कुणाच्या आड येत नाही. त्यांची अडचण उलटी आहे: बारीक एकेरी दोरावर एट निसटता चालतो, त्यामुळे खाली ऑटोब्लॉक हवाच. आपल्याकडे झाडांची पाहणी करणाऱ्यांनीही एकेरी दोरावर एट ठेवला तर मी हरकत घेणार नाही.

गटात सगळ्यांकडे एटच असतील आणि नवीन खरेदी करायची नसेल, तर एकच ट्यूब घेऊन ती शेवटच्याला द्यावी. त्याच्या आधी उतरलेल्याने खालून ओढायचा पदर मीटरभर ओढून पाहावा आणि वरच्याने जोडगाठ (दोन दोर जोडणारी गाठ) हलली का ते ओरडून सांगावं. ती हलली नाही तर शेवटचा माणूस अजून अँकरवर आहे, जोडगाठ काठाच्या अलीकडे-पलीकडे सरकवणं किंवा पदर उलगडणं तेव्हाच जमतं. तो ट्यूबने पदर फाकवत खाली आला की टोकांच्या बॅरल नॉट सोडायच्या, वर जाणाऱ्या पदराची तर आधी. मग सगळे बाजूला होऊन दोर सावकाश, न झटकता ओढायचा.